पडद्यावरचे कोनाडे

उद्याचा कॉम्प्युटर कसा दिसेल, यावर मी आयुष्यात ऐकलेलं पहिलं भाषण नागपुरात, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत, आमच्या विणकर सोसायटीच्या ऑफिसात झालं. बोलणारे साहेब बर्डीवरच्या एका कंपनीतून स्कूटरवर आले होते. ऑक्टोबरच्या उन्हातही गळ्यात टाय. ऐकणारे सगळे माग चालवणारे, सतरंजीवर मांडी घालून बसलेले, आणि भाषणापेक्षा टायच जास्त पाहणारे. मी कोपऱ्यात उभी होते आणि मनात एकच धाकधूक होती, की हे ध्यान आज नीट बोललं नाही तर माझी खुर्ची जाते.

आधी त्या खुर्चीचं सांगते, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या घरात खुर्चीवर बसून कोणी काम केलेलं नव्हतं. आजोबा, बाबा, चुलते, सगळ्यांचे पाय खड्ड्यात. आमच्याकडचा माग जमिनीलगत असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि पायानं पावड्या दाबतो. बायका-पोरी भिंतीला टेकून कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळतात. मी शाळेत असताना कांड्या भरल्या, कॉलेजात असताना भरल्या आणि बी.कॉम. झाल्यावरही भरल्या, कारण गल्लीतल्या बी.कॉम. पोरीसाठी कोणी नोकरी राखून ठेवली नव्हती. मग हट्टानं धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकायला जायला लागले. सायकलनं जायची, घामाघूम होऊन पोचायची, आणि तिथल्या थंड खोलीत बसलेल्या पोरी माझ्याकडे पाहायच्या तशी मीही त्यांच्याकडे पाहायची. कमी कशाला पडा?

त्याच सुमारास, सत्त्याऐंशी साल असावं, सरकारच्या कुठल्याशा योजनेतून आमच्या सोसायटीला कॉम्प्युटर मिळाला. मिळाला म्हणजे वापरून पाहायला मिळाला. दिवाळीपर्यंत ठेवा, पसंत पडला तर तुमचा, नाही तर कंपनी परत घेऊन जाईल, असा करार होता. चालवायला माणूस पाहिजे म्हणून एका सभासदाची शिकलेली पोरगी म्हणून मला बोलावलं. कॉम्प्युटरसोबत टेबल आलं आणि टेबलासोबत खुर्ची आली. गोल फिरणारी, निळ्या रेक्झिनची. पहिल्या दिवशी मी त्या खुर्चीवर बसले आणि मनाशी म्हटलं, आता मला इथून कोणी उठवून दाखवावं.

उठवणारे होतेच. सोसायटीचे खजिनदार काका. कोणाच्या नावावर किती सूत शिल्लक आहे, कोणाचा माग चालू, कोणाचा बंद, हे सगळं वर्षानुवर्षं त्यांच्या डोक्यात. माणूस खोटा नव्हता, बिलकूल नाही. पण सगळं त्यांच्या डोक्यात असल्यामुळे ज्याला त्याला सकाळी त्यांच्या दाराशी उभं राहावं लागायचं, आणि त्यांना ते आवडायचं. दसऱ्याला आम्ही मागासोबत कॉम्प्युटरचीही पूजा केली. पडद्याच्या कपाळी हळदकुंकू, बटनांवर झेंडूचं फूल. एक अक्षता बटनाच्या फटीत गेली, ती मी सुईनं उकरून काढली. तेव्हाही काका म्हणाले होते, "देव बसवला खरा, पण बोलत नाही कोणाशी."

आणि खरंच बोलत नव्हता. पडदा काळा, त्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं आणि एका कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. तिच्यापुढे बरोब्बर इंग्रजी शब्द टाइप केला तर काम होणार. एक अक्षर चुकलं की परत इंग्रजीतच झापणार. सभासद येऊन माझ्या पाठीमागे उभे राहायचे, पडद्याकडे पाहायचे, मग मला विचारायचे, "काय म्हणते गा हे?" बायका विचारायच्या, "काय म्हणते वं?" मी वाचून सांगायची. म्हणजे आधी काकांच्या दाराशी उभं राहायचं, आता माझ्या खुर्चीमागे, एवढाच काय तो फरक.

त्या सभेत काकांनी हेच बरोबर पकडलं. "साहेब," ते म्हणाले, "हे वाचते कोण? एकटी हे पोट्टी. उद्या हिचं लगन झालं, उमरेडले गेली, का मंग? कॉम्प्युटर आंदणात द्याचा काय?"

सगळे खो खो हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लग्नाचं नाव ना गाव आणि यांनी मला उमरेडला पाठवूनही दिलं! पण बोलणार काय? मुद्दा खरा होता, म्हणून तर जास्त झोंबला.

साहेब सरसावले. "काका, ही तर सुरुवात आहे. पुढे हे असं इंग्रजी टाइप करावंच लागणार नाही. पडदा म्हणजे तुमचं टेबल होईल, टेबल! टेबलावर जसे कागद असतात, फायली असतात, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली असते, तशी सगळी चित्रं पडद्यावर दिसतील. हातात साबणाच्या वडीएवढी डबी असेल. ती सरकवायची, पडद्यावरचा बाण चित्रावर न्यायचा, टिचकी मारायची. झालं! परदेशात आलंय हे. आपल्याकडे यायला थोडी वर्षं लागतील."

मग मागून आवाज आला, "साहेब, टेबल कोणाच्या घरी आहे?"

ती आमच्या गल्लीतली मावशी. माझी सख्खी नाही, सगळ्या गल्लीचीच मावशी. नवरा गेल्यावर माग स्वतःच्या नावावर करून घेतलेली आणि सभासद म्हणून प्रत्येक सभेला पुढचा पदर खोचून येणारी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तोंड बंद ठेवणंही येत नव्हतं.

"नाही, म्हणजे टेबल हे उदाहरण..." साहेब म्हणाले.

"अन् कचऱ्याची टोपली कायले दाखवून राहिले जी तुमी? कचरा आमी चौकात टाकतो."

पुन्हा हशा. साहेबांनी टाय सैल केला. आमचे अध्यक्ष शांत माणूस, पान चघळत बसलेले. त्यांनी हसतच विचारलं, "मंग मावशी, तुह्या घरी वस्तू कुठे राहते वं?"

"कोनाड्यात! अजून कुठे राहीन?" मावशी म्हणाली. "दिव्याचा कोनाडा येगळा, कात्रीचा येगळा, देवाचा येगळा. अंधारात हात घातला तरी बरोब्बर लागते."

अध्यक्षांनी मान हलवली आणि निकाल दिला. कॉम्प्युटर ठेवायचा की परत करायचा, हे दिवाळीआधीच्या सभेत ठरेल. त्या सभेत कोणत्याही एका सभासदानं पुढे यायचं आणि या पोरीला न विचारता आपलं सूत किती उरलं ते कॉम्प्युटरवर काढून दाखवायचं. जमलं तर ठेवू. नाही जमलं तर साहेबांच्या स्कूटरमागे बांधून देऊ.

सभा उठली. साहेब मला म्हणाले, "कठीण आहे. चित्रांचा पडदा यायला वेळ आहे अजून." आणि गेले निघून. मी त्या काळ्या पडद्याकडे पाहत बसले. म्हटलं, यायला वेळ आहे म्हणजे काय? तो काय रेल्वेनं येणार आहे?

क्लासमध्ये मला एवढं शिकवलं होतं की पडदा म्हणजे सगळे बारीक चौकोनच. हा पेटवायचा, तो विझवायचा. आणि चौकोनांचं शिकायला मला धरमपेठेत जायची गरजच नव्हती. बाबा काठाची नक्षी काढायचे ती चौकटीच्या कागदावरच काढायचे. एक घर भरायचं, एक सोडायचं. मोर असो, कुयरी असो, की चादरीवर विणायचं सरकारी दवाखान्याचं नाव असो, सगळं त्या घराघरांतूनच उभं राहायचं. मला रंग मिळणार नव्हते, बाण मिळणार नव्हता, ती साबणाच्या वडीएवढी डबीही मिळणार नव्हती. पण पडद्यावर एक भिंत काढायची, भिंतीत कोनाडे काढायचे आणि प्रत्येक कोनाड्यात एक वस्तू ठेवायची, एवढं तर जमण्यासारखं होतं. टेबल ज्यांच्या घरी आहे त्यांनी टेबल काढावं.

पण मला नक्षी काढता येत नव्हती. कांड्या भरणाऱ्या पोरीला नक्षी कोण शिकवतं? ते काम नक्षीवाल्याचं, म्हणजे बाबांचं. आणि बाबांनी तो कागद कित्येक दिवसांत हातात धरला नव्हता. आमचा माग बंद पडला होता. बाबा इतवारीतल्या एका दुकानात दिवसभर उभं राहून गिरणीचं कापड मोजून द्यायचे. घरी आले की बोलायचे कमी.

रविवारी सकाळी ते अंगणात दाढी करत होते तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी फेस पुसला, आरसा खाली ठेवला आणि विचारलं, "म्हंजे तुले न विचारता कोणालेबी जमलं पाहिजे?"

"हो."

"अन् जमलं, तं मंग तुही गरज काय राहिली वं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कॉम्प्युटर गेला तर खुर्ची जाणार होती. कॉम्प्युटर सगळ्यांना जमला तरी खुर्ची जाणारच होती. बाबांनी एका वाक्यात दोन्हीकडून दार लावून घेतलं, आणि मला असा राग आला की काय सांगू! कोणाचा, तेही कळेना. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला काढायचं नसेल तर नका काढू, मी कोणाकडूनही काढून घेईन, नाही तर स्वतः काढीन, वेडंवाकडं का होईना.

"अवं काढून देतो ना," बाबा म्हणाले. "चिडते काहून?"

आणि त्यांनी माळ्यावरून कागदाची गुंडाळी काढली. आई चूल सोडून दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं रागाचं होतं, असं मी तिला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस फार छान गेले. संध्याकाळी बाबा दुकानातून आले की चहा घेऊन कागदावर बसायचे. सुताची लडी काढली, घडी घातलेली साडी काढली, माग काढला. माग पहिल्यांदा काढला तो फारच खरा काढला, दोऱ्यान् दोरा. मी म्हटलं, "बाबा, एवढी घरं पडद्यावर मावत नाहीत." ते म्हणाले, "मंग तुहा पडदाच बारका हाय." पण मग कमी करत करत असा काढला की चार रेघांत माग. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून एकेक घर कॉम्प्युटरला सांगायची. हे भर, हे सोड, हे भर. लाइट जायची, केलेलं सगळं पुसलं जायचं, मी त्या यंत्राला आमच्या गल्लीतल्या नळावरच्या शिव्या द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून बसायची.

भिंत उभी राहिली. तीन कोनाडे, तीन वस्तू. सुताची लडी म्हणजे शिल्लक सूत, साडी म्हणजे जमा झालेलं कापड, माग म्हणजे कोणाचा चालू कोणाचा बंद. निवडायचं कसं? बाण तर नव्हता. मी तीच तीन चित्रं कागदाच्या चिटुकल्या तुकड्यांवर काढली आणि डिंकानं तीन बटनांवर चिकटवली. पडद्यावर लडी दिसते ना, मग लडीचं बटन दाबा. ते दाबलं की दारावरच्या पत्र्याचं चित्र येणार. आमच्याकडे प्रत्येक मागाला सोसायटीचा नंबर होता आणि तो पत्र्यावर इंग्रजी आकड्यांत रंगवून दारावर ठोकलेला असायचा. तो नंबर दाबला की त्या घराचं सूत. आणि सूत आकड्यात नाही दाखवायचं, असं मी ठरवलं. जेवढ्या लड्या शिल्लक, तेवढ्या लड्या पडद्यावर.

अगदी शेवटी अक्षरांचं काम राहिलं. कोनाड्यावर सूत, कापड, माग असं मराठीत लिहायला पाहिजे, असं मला वाटलं. कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. म्हणून अक्षरंही बाबांनी नक्षीसारखी कागदावर काढून दिली, चादरीवरच्या नावासारखी ठसठशीत. सभेच्या आदल्या दिवशी मी ती घराघरानं भरली, पडद्यावर आणली, वाचली. सूत, कापड, माग. झकास! मी समाधानानं घरी गेले.

सभेच्या दिवशी ऑफिस खचाखच भरलं होतं. बाबा तेवढे दुकानात अडकले होते. साहेबही आले होते, यंत्र परत न्यायचं झालं तर न्यायला. मी कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर हिरवी भिंत उमटली, कोनाडे उमटले, वस्तू उमटल्या, आणि सगळ्यात शेवटी वरची अक्षरं. माणसं "बाप्पा!" म्हणून पुढे सरकली. साहेब पुढे वाकले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो मॅडम, हे काय केलंत? सगळी अक्षरं उलटी आहेत! आरशात दिसतात तशी!"

मी पाहिलं. मला सूत, कापड, माग असंच दिसत होतं. मग एकेका अक्षराकडे पाहिलं. खरंच सगळं उलटं होतं. काना दुसऱ्या बाजूला, उकार दुसऱ्या बाजूला वळलेला. कसं झालं ते त्याच क्षणी कळलं. चादर विणताना तिची सुलटी बाजू मागावर खाली असते. विणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येते ती उलटी बाजू. म्हणून आमच्याकडे नक्षीचा कागदच उलटा काढायची रीत, म्हणजे कागदावर जे तेच समोर कापडावर दिसतं आणि चूक लगेच सापडते. बाबांनी जन्मभर उलटं लिहिलं, तसंच आजही लिहून दिलं. आणि मी मागाशेजारी बसून वाढलेली, मी ते सरळ वाचून घरी गेले होते! आदल्या दिवशी कितीदा वाचलं असेल, एकदाही खटकलं नाही.

मेले, असं वाटलं. आता हसणार सगळे, आणि बाबांना कळलं की त्यांच्या हातून बिघडलं, तर तो माणूस पुन्हा कागद हातात धरायचा नाही.

"काय उलटं हाय?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं, "सूत. कापड. माग. बरोबर तं हाय."

"सूत, कापड, माग," त्यांच्या मागच्यानं वाचलं. त्याच्या मागच्यानंही वाचलं. ज्यांना वाचता येत होतं त्या सगळ्यांनी धडाधडा वाचून दाखवलं.

"शिकलेल्यायपैकी कोणाले वाचता नाही आलं, हात वर करा गा," अध्यक्ष म्हणाले. कोणीच हात वर केला नाही. साहेब बिचारे इकडे-तिकडे पाहत राहिले, आणि मग ऑफिसात जो हशा उठला तो रस्त्यावरचा पानठेलेवाला आत डोकावून पाहीपर्यंत थांबला नाही. साहेबसुद्धा हसले. माझा जीव भांड्यात पडला.

पण खजिनदार काका हसून विसरणारे नव्हते. "वाचणाऱ्यायचं झालं," ते म्हणाले. "पण करार असा व्हता का कोणालेबी आलं पाहिजे. मावशी, तू ये. अन् पोरी, तू तिकडे भिंतीजवळ उभी राह्य. एक शब्द बोलू नको."

मी खुर्चीवरून उठले. मावशी बसली. खुर्ची फिरली तशी तिनं दोन्ही हातांनी टेबल धरलं. तिचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, आणि मला दिसत होतं, ते पाय खाली पावड्या शोधत होते. तिनं मान वळवून मला विचारलं, "हात लावला तं बिघडन का वं?"

मी तोंडावर पदर दाबून धरला. काका माझ्याकडेच पाहत होते.

मावशीनं पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बटनांकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे. मग एक बोट उचललं आणि विस्तवाला हात लावावा तसं लडीच्या बटनाला लावून मागे घेतलं. पडदा काळा झाला. त्या यंत्राला चित्र काढायला वेळ लागायचा, मला ते माहीत होतं, मावशीला नव्हतं. "गेलं!" ती म्हणाली. कोणीतरी "च्च" केलं.

आणि पत्रा उमटला. मावशीचा चेहरा उजळला. "हा तं माह्या दारावरचा हाय," ती म्हणाली. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण आपल्या दारावरचे दोन आकडे ती रोज येता-जाता पाहत होती. तिनं बटनांवर त्यातला एक शोधला, दाबला. दुसरा शोधायला वेळ लागला. अख्खं ऑफिस श्वास रोखून तिच्या बोटाकडे पाहत होतं. सापडला. दाबला. पडदा पुन्हा काळा झाला, पण या वेळी मावशी "गेलं" म्हणाली नाही. ती थांबली.

एकामागून एक लड्या उमटायला लागल्या. एक ओळ झाली, दुसरी ओळ सुरू झाली, थांबली. मावशीनं काचेवर बोट ठेवून लड्या मोजल्या, ओठांतल्या ओठांत. मग काकांकडे वळून म्हणाली, "भाऊ, सकाळीच तुमाले विचारून आली व्हती मी. बरोबर हाय." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "म्हंजे आता सकाळी तुमच्या दाराशी उभं राहाचं काम नाही."

रागानं नाही म्हणाली. आपलं सहज सांगितल्यासारखं म्हणाली. मग काकांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना कायम मान देत आले. ते म्हणाले, "जमलं. मानलं बुवा. ठेवा कॉम्प्युटर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत काकाच पुढे म्हणाले, "पण मंग एक सांगा. मावशीले जर एकटीले जमते, तं पोरीले कायले ठेवाचं?"

टाळ्या थांबल्या. बाबांनी अंगणात विचारलेला तोच प्रश्न. इतके दिवस मी त्याचं उत्तर शोधत होते आणि मला सापडलं नव्हतं. म्हटलं, बोल ना आता, एरवी तर तोंडाळ आहेस!

मावशी खुर्चीतच होती. तिनं खुर्चीसकट वळायचा प्रयत्न केला, जास्त वळली, परत आली आणि म्हणाली, "भाऊ, माग कोण चालवते?"

"आपण सगळे."

"कोणीबी चालवते ना? मी चालवते, तुमी चालवता. पण मागच्या वर्षीचा काठ कोणी घेते काय यावर्षी? दुकानदार फेकून देते तोंडावर. दर हंगामाले नवा काठ लागते. तो काढणारा लागते का नाही? हे कोनाडे आज बरे वाटून राहिले. दिवाळीनंतर मले अजून एक पाहिजे, नवं सूत कधी येणार ते सांगणारा. तो कोण काढन? तुमी?"

ऑफिसात एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, मले कोणत्या रंगाचं सूत आलं ते पाहिजे. कोणी म्हणालं, कामठीची ऑर्डर केव्हा न्याची ते पाहिजे, म्हणजे उगाच बसस्टँडवर बसावं लागत नाही. एकजण म्हणाला, त्या लडीचा आकार बरोबर नाही, लडी अशी लोंबत असते. साहेब मध्येच म्हणाले, रंगीत पडदा पुढे येईल, थोडी वर्षं. "येऊ द्या साहेब," अध्यक्ष म्हणाले, "तवर आमची पोरगी आहे. लिहा गा, पोरीले नक्षीवाली म्हणून कायम ठेवलं."

नक्षीवाली! ऑपरेटर नाही, नक्षीवाली. आमच्या समाजात तो शब्द तोवर कोणत्याच बाईसाठी वापरला नव्हता. बाबांना सांगायला कधी पळते असं झालं, उलटी अक्षरं सगळ्यांनी वाचली हे सांगायला, आणि उद्यापासून अजून कोनाडे लागणार, कागद आणून ठेवा, हे सांगायला. मी भिंतीशी उभी राहून रडत होते आणि ते लपवायचंही मला भान नव्हतं.

काकांनी ते पाहिलं. ओशाळल्यासारखे झाले आणि मावशीला म्हणाले, "मावशी, उठ आता. पोरीले बसू दे तिच्या जागी."

मावशी उठली नाही. तिनं पुन्हा लडीचं बटन दाबलं होतं आणि ती पडद्यावर पत्रा उमटायची वाट पाहत होती. दोन्ही हात मांडीवर, मान पुढे, आणि पाय आता शांत.

"थांब वं," ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "अजून एकडाव पाहू दे."

"पाहा मावशी," मी म्हटलं, "मले काही घाई नाही."